चमक घालवणाऱ्या बाई

बाईंनी मला खोली दाखवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. घरात! बाहेर आभाळ आलेलं, खिडक्या अर्ध्या लोटलेल्या, आणि या उंच, काटकुळ्या बाई मला सांगत होत्या, "हा पलंग, हे कपाट, पाणी सकाळी येतं. आणि जरा बाजूला सरक, तू उभी आहेस तिथली लादी मला बघायचीय."

मी सरकले. त्यांनी लादीकडे पाहिलं, मान डाव्या खांद्यावर टाकली, पुन्हा सरळ केली.

"हं. जाते," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"काय जातं?"

"चमक."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मला बोरिवलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली होती आणि मी कराडहून एक ट्रंक आणि वळकटी घेऊन आले होते. त्या काळी एकट्या मुलीला खोली मिळायची मारामार. त्यामुळे घरमालकीण घरात गॉगल लावून लाद्या बघते याचा मी फार विचार केला नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल, असं मनाशी म्हटलं आणि वळकटी सोडली.

बाईंच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. त्या जवळच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. मूळच्या अकोल्याकडच्या. मुंबईत इतकी वर्षं काढूनही चिडल्या किंवा फार आनंद झाला, की त्यांच्या तोंडून वऱ्हाडी "काहून?" निघायचंच. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या, गॅसवरच्या दुधाकडे बघायचं राहून जावं तसं. धाकटा भाऊ जर्मनीत होता. तो दर वेळी चॉकलेटं पाठवायचा. एका वर्षी बाईंनी त्याला कळवलं, चॉकलेटं पुरे, पोलराइज्ड गॉगल पाठव. गॉगल आला, आणि त्या दिवसापासून बाईंनी सगळी बोरिवली पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली.

मी राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. गॅलरीला उभे लोखंडी गज होते. बाईंनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली, दोन गजांमधून पलीकडे ओवली, तिचं टोक गॅलरी वळते तिथल्या पलीकडच्या खांबाला बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"हलव. वर-खाली."

मी हलवली. दोरीत लाट उठली आणि गजांमधून सरळ पलीकडे गेली.

"आता आडवी हलव. डावी-उजवी."

लाट गजांवर आपटली आणि तिथंच मेली. पलीकडची दोरी स्वस्थ.

"समजलं?"

"नाही," मी म्हणाले.

बाई खूश झाल्या. लगेच 'समजलं' म्हणणारी माणसं त्यांना आवडायची नाहीत.

"हे बघ. उजेड म्हणजे थरथर. सूर्याकडून येणारा उजेड सगळ्या दिशांनी थरथरतो, उभा, आडवा, तिरपा, कसाही. पण तोच पाण्यावर नाहीतर गुळगुळीत लादीवर तिरका पडला आणि उसळून तुझ्या डोळ्यांत आला, की त्यात बहुतेक आडवी थरथरच असते. पाणी आडवं पसरलेलं, थरथरही आडवी. ती चमक. डोळे दिपवते ना, तीच. आणि या चष्म्याच्या काचेत समज असे उभे गज बसवलेत. आडवी थरथर आली, की अडली."

"मग बाकीचं कसं दिसतं?"

"बाकीच्या वस्तूंवरून येणारा उजेड सगळ्या दिशांचा. त्यातला उभा आत येतो. थोडा अंधारतो, पण दिसतं सगळं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "खरेखुरे गज नसतात हं. लांबलांब रेणू एका दिशेनं ओळीत बसवलेले असतात. पण तू आपली गजच धरून चाल."

"साध्या काळ्या चष्म्यानंही ऊन कमी लागतं की."

"लागतं. पण ते म्हणजे रेडिओला खरखर आली म्हणून आवाज बारीक करणं. खरखर कमी, आणि गाणंही कमी. हा नुसती खरखर काढतो, गाणं ठेवतो." आणि त्यांनी चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. घे, लाव, बघ."

हे त्यांचं पेटंट वाक्य. कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती होती, तिच्याकडे हात करून पुढे म्हणायच्या, "यांचंही हेच म्हणणं होतं."

मी चष्मा लावला. खाली गल्लीत कायमचं भरलेलं एक डबकं होतं. रोज त्यात मला आभाळाचा पांढरा तुकडा दिसायचा. आता आभाळ नव्हतं. तळाशी कुणाची तरी हरवलेली निळी चप्पल आणि दोन पत्रावळी दिसत होत्या.

"आता मान आडवी कर," बाई म्हणाल्या. "गज आडवे झाले बघ."

मी मान खांद्यावर टाकली आणि डबक्यात आभाळ परत आलं. मान सरळ केली, चप्पल आली. मी किती वेळ तशी मान हलवत होते कोण जाणे. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी हाक मारून विचारलं, "काय गं, मान अवघडली का?"

त्यानंतर मी बाईंना हसायचं थांबवलं असं नाही, पण कशाला हसतेय ते मला कळायला लागलं. त्या लग्नाला जायच्या आणि हॉलमध्ये शिरल्याशिरल्या जाहीर करायच्या, "लाद्यांची चमक जाते, स्टीलच्या ताटांची जात नाही. धातूचं गणित निराळं." बसच्या पुढच्या काचेत त्यांना जांभळट ठिपके दिसायचे. ते ड्रायव्हरला दाखवायला त्या एकदा इंजिनापर्यंत गेल्या आणि ड्रायव्हरनंही सिग्नलला थांबून, चष्मा लावून, "आयला, खरंच की," म्हटलं.

आणि मला बघायला आलेला तो मुलगा. मुलुंडला कुठल्याशा कंपनीत होता. माझे आई-वडील कराडहून आलेले, म्हणून बघण्याचा कार्यक्रम बाईंच्याच घरी. मी पोह्यांच्या बश्या आणल्या. मुलगा जरा अवघडून बसला होता. मनगटावर नवं डिजिटल घड्याळ, त्या वेळी त्याची फार ऐट. बाई समोर चष्मा लावून बसलेल्या. एकाएकी त्यांनी मान तिरकी केली.

"तुमचं घड्याळ बंद पडलं."

मुलानं बघितलं. "नाही, चालू आहे."

"मला तर काळं दिसतंय."

"नाही हो, हे बघा ना, चार वाजून..."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. घ्या, लावा, बघा."

मुलानं चष्मा लावला, मनगट फिरवलं. आकडे गेले. पुन्हा फिरवलं, आकडे आले. "असल्या घड्याळाच्या काचेवरही तसलाच पडदा असतो," बाई पुढे सरसावून सांगू लागल्या. "त्याचे गज आणि चष्म्याचे गज एकमेकांवर आडवे पडले, की सगळं बंद." पुढचा सगळा कार्यक्रम त्या मुलानं मनगट फिरवत काढला. तो फार गोड हसत होता, फक्त माझ्याकडे बघून नाही. आठवड्यानं त्याच्या आईचा निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण घर विचित्र वाटलं. आई खूप बोलली बाईंना. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "तुला वाईट वाटलं?" मी नाही म्हणाले. खरंच नव्हतं वाटलं. "मग झालं तर," म्हणून त्या शेंगदाणे भाजायला लागल्या.

बाईंकडे मासे घेऊन यायची हिराबाय. गोराईच्या कोळीवाड्यातली, ठसठशीत, आवाज असा की ती फाटकात आली की तिसऱ्या मजल्यावर कळायचं. बाईंचं आणि तिचं चष्म्यावरून नेहमी वाजायचं. ओल्या माशाच्या अंगावरची चमक घालवून बाई त्याचा खरा रंग बघायच्या आणि हिराबायला तो सरळ अपमान वाटायचा.

"बाय, तुजा चष्मा काढ आनि मग मावरं बघ. काल्या काचंतून ताजा-शिला काय कलतं?"

"यातूनच कळतं. हे पापलेट कालचं आहे."

"कालचा? आज सकालचा हाय, याला पानी इसरलं नाय अजून!"

एका सकाळी मात्र हिराबाय आली ती गप्प. टोपली उतरवली आणि पायरीवर बसून राहिली. बाईंनी पाणी दिलं. मग तिनं सांगितलं. तिचा नवरा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, होडीवरच्या सगळ्यांचा म्होरक्या. शिडाच्या होडीवर त्याचा हात अख्ख्या गोराईत कुणी धरू शकत नव्हतं. दर वर्षी शिमग्याच्या आधी खाडीत शिडाच्या होड्यांची शर्यत लागे. गेल्या वर्षी त्या शर्यतीत त्यानं होडी खडकावर घातली होती. धाकट्या मुलाचा हात मोडला.

"दुपारचा दर्या उजलला का त्याला काय बी दिसत नाय. पानी नुसता आरसा. डाक्टर म्हनतो, डोलं वयाच्या मानानं धड हायेत. पन पोरं आता सुकानूला हात लावू देत नाय. मोठा बोलला, यंदा होडी घासली तर शीड कायमचा उतरवू. तवापासून म्हातारा दर्याकडं पाठ करून बसतं. जालं शिवतं, पन तोंड भिंतीकडं."

बाई ताडकन उठल्या. "काहून नाही सांगितलं आधी?"

"तुला सांगून काय व्हनार?"

"चल," बाई मला म्हणाल्या. "चप्पल घाल."

त्या दिवशी माझी सुट्टी होती. हिराबायची टोपली आमच्या घरात तशीच राहिली आणि आम्ही तिघी फेरीबोटीनं गोराईला गेलो. तांडेल खरंच भिंतीकडे तोंड करून जाळं शिवत होता. रुंद पाठ, पांढरे केस, डोक्याला लाल रुमाल. बाईंनी नमस्कार केला, चष्मा काढला आणि पुढे धरला.

त्यानं बघितलंसुद्धा नाही. "मी काय सिनेमात काम करतंय? काला चष्मा लावून?"

"तांडेल, माझ्यावर विश्वास ठेवू नका. एकदा पाण्याकडे बघा. नाही पटलं तर मी तुमच्या दारात परत येणार नाही."

"लाव की रं," हिराबाय ओरडली. "बाय खाडी वलांडून आली तुज्यासाठी!"

बायकोपुढे त्याचं काही चाललं नाही. त्यानं चष्मा लावला आणि वळला. दुपारचं ऊन खाडीवर पसरलं होतं. मी स्वतः डोळ्यांवर हात धरून उभी होते, मला पाण्याच्या जागी नुसता पेटलेला पत्रा दिसत होता. तांडेल दोन पावलं पुढे गेला, आणखी दोन पावलं गेला, घोट्यापर्यंत पाण्यात गेला. मग पाण्यातच बोट दाखवून लहान मुलासारखा म्हणाला, "खुंट दिसतंय. त्यो पानीखालचा खुंट... हिरू, मना खुंट दिसतंय गो!"

हिराबायनं पदर तोंडाला लावला. मी बाईंकडे बघितलं. त्या लगेच गज आणि दोरी सांगायला लागतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या उभ्या होत्या.

पण एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या रविवारी तांडेलनं आम्हाला होडीत घेऊन शीड लावलं. त्याचा मोठा मुलगा शिडाच्या दोरीशी तयार, कपाळाला आठी. थोडं अंतर छान गेलो आणि एकदम वाऱ्याचा झोत आला. होडी अशी कलली की बाई आणि मी नखशिखान्त भिजलो. तांडेलनं चष्मा ओढून काढला.

"घे तुजा चष्मा! खडक दिसतं, पन वारा दिसत नाय!"

"वारा कधी दिसतो का?" बाई केस पिळत म्हणाल्या.

"दिसतं! वारा येतं तवा पानीवरची चमक मोडतं. लांबून कलतं, झोत आला, शीड सोड. तुज्या चष्म्यानं चमकच खाल्ली, मग मी काय वासानं ओलखू?"

बाई एकदम अशा हसायला लागल्या की मोठा मुलगा घाबरला. "काहून नाही सुचलं मला! तांडेल, मान वाकडी करा."

"काय?"

"मान! खांद्यावर टाका. चमक परत येते. वारा बघायचा तेव्हा वाकडी, खडक बघायचा तेव्हा सरळ!"

तांडेलनं संशयानं चष्मा चढवला, मान खांद्यावर टाकली. मग सरळ केली. परत टाकली. त्याच्या पांढऱ्या मिश्या हळूहळू पसरत गेल्या. "च्यायला," तो म्हणाला. "दोन दर्ये हायेत हितं."

त्यानंतर शिमग्यापर्यंत चष्मा गोराईतच राहिला. बाई ऊन लागलं की डोळे किलकिले करत चालायच्या आणि दर रविवारी खाडीपलीकडे जायच्या. कॉलेजात कुणी विचारलं चष्मा कुठे, तर म्हणायच्या, "कामाला गेलाय."

शर्यतीच्या दिवशी कोळीवाडा नुसता फुलला होता. होड्यांना झेंडे, तांडेलच्या होडीला लाल, बायकांच्या केसांत अबोली, कुठंतरी बँड. जायचं होतं खाडीच्या तोंडापर्यंत, सूर्याकडे तोंड करून, तिथं तरंगत ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत. मध्ये 'म्हैस' नावाचा खडक होता. भरतीला तो हातभर पाण्याखाली जायचा, म्हणून सगळे त्याला लांबून वळसा घालायचे. आतल्या बाजूनं, खडक आणि जाळी बांधायच्या खुंटांच्या मधून, वाट जवळची होती, पण ती दिसली पाहिजे. मोठा मुलगा सुकाणूशी बसला होता. तांडेल त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"ऊठ."

"बाबा, घासली तर?"

"घासली तर शीड तूच उतरव. ऊठ आता."

मुलगा उठला.

होड्या सुटल्या. आम्ही धक्क्यावर होतो आणि बाईंची तर वाटच लागली होती. चष्मा तांडेलच्या डोळ्यांवर, आणि समोर साडेचारचा सूर्य.

"काही दिसत नाही गं! सांग ना, कुठे आहेत?"

"पुढे गेल्यात. तांडेल तिसरा... बाई, तो मान हलवतोय."

आमच्यामागे कुणी तरी ओरडलं, "अरे म्हाताऱ्याला काय झटका आला काय? मान बघ कशी टाकतंय!"

"वारा बघतोय!" बाई मागे वळून गरजल्या. "आता सरळ केली का? सरळ केली का गं?"

"सरळ केली. बाई, तो आतल्या बाजूला वळला."

आणि मग मलाही दिसेना. सगळ्या होड्या त्या पांढऱ्या उजेडात शिरल्या आणि नाहीशा झाल्या. बँडही थांबला. हिराबाय माझ्या दंडाला धरून उभी होती, तिच्या बोटांचे वळ मला दुसऱ्या दिवशीही दिसत होते. बाई सारखं विचारत होत्या, "काय झालं? काय झालं?" लाकूड घासल्याचा आवाज येतो का, याकडेच सगळ्यांचे कान.

आवाज आला नाही. उजेडातून एक शीड बाहेर आलं. एकटंच. पिंपाला वळसा घालून, आमच्याकडे तोंड करून.

"लाल झेंडा!" मी किंचाळले. "बाई, लाल झेंडा! आतून आला तो! घासली नाही!"

बाईंनी मला मिठी मारली, मग हिराबायला, मग शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांनाही.

शर्यत त्यानं जिंकायला हवी होती. जिंकलीच होती म्हणा. पण धक्क्याजवळ आल्यावर त्याला बाई दिसल्या आणि त्यानं आनंदाच्या भरात होडीच आमच्याकडे वळवली. उभा राहून, एका हातानं सुकाणू धरून ओरडायला लागला, "बाय! म्हैस दिसली! अख्खी म्हैस दिसली, पाठीवरच्या शिंपल्यांसकट!"

"बाबा!" मोठा मुलगा मागून बोंबलत होता. "बाबा, रेषा तिकडं हाय! तिकडं!"

तोवर दुसरी होडी रेषेवरून निघून गेली. तांडेल दुसरा आला. सगळा कोळीवाडा पोट धरून हसला. त्याला त्याचं काहीच नव्हतं. होडीतून उतरला तेव्हा मोठ्या मुलानं वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि शीड गुंडाळायला घेतलं, पुढच्या खेपेला लागेल अशा नीट घड्या घालून.

जेवल्याशिवाय हिराबायनं सोडलं नाही. निघताना तांडेलनं चष्मा रुमालात पुसून बाईंपुढे धरला. बाईंनी तो त्याच्याच डोक्यावर चढवला.

"राहू द्या. भावाला कळवते, दुसरा पाठव म्हणून. नाहीतर पुन्हा चॉकलेटंच पाठवेल."

तांडेलनं चष्मा डोक्यावर नीट बसवला. मग म्हणाला, "फेरीनं नको जाव. मी सोरतंय तुमाला."

सूर्य बुडाला होता. खाडी शांत, राखाडी झाली होती. मध्यावर आल्यावर तांडेल सुकाणूवरून उठला आणि बाईंना म्हणाला, "धर, बाय."

"मी?"

"तू. माज्यावर इस्वास नको ठेवू. धर आनि बघ."

बाईंनी साडीचा पदर खोचला आणि सुकाणू धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. काही समजावून सांगितलं नाही, कशाला नाव दिलं नाही. दोन्ही हातांनी लाकूड घट्ट धरलेलं, मान ताठ, आणि चेहऱ्यावर पहिल्यांदा सायकल शिकणाऱ्या मुलीचं हसू. बोरिवलीचे दिवे जवळ आले. धक्का आला. तांडेल म्हणाला, "डावीकडं," बाईंनी उजवीकडे केलं, आणि होडी धडाम्कन धक्क्यावर आदळली. मी मागच्या जाळ्यात पडले, हिराबायनं दिलेले सुके बोंबील सगळीकडे सांडले.

तांडेलनं वाकून होडीचा पुढचा भाग तपासला.

"बाय," तांडेल गंभीरपणे म्हणाला, "आता तर चमक पन नव्हती!"

"काहून हसता?" बाई ओरडल्या, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं त्याच हसत सुटल्या.